सय्यद मॅडमच्या खोलीतला सव्वा तास

हे मी सय्यद मॅडमच्या सांगण्यावरून लिहितो आहे, आणि त्यांच्याविरुद्धच लिहितो आहे. आमच्या डायलिसिस वॉर्डात एक वही ठेवलेली असते. जुन्या पेशंटांनी तीत आपला अनुभव लिहायचा. नवा माणूस पहिल्या दिवशी खुर्चीत घाबरून बसला की नर्स ती वही त्याच्या हातात देते. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाच्या सय्यद मॅडम सहा महिने माझ्या मागं लागल्या होत्या. शेवटी म्हटलं, लिहितो, पण एक शब्द कापायचा नाही.

"माझ्याबद्दल वाईट असलं तरी?" त्यांनी विचारलं.

"वाईटच असणार आहे."

"मग तर लिहाच, भाऊ."

माझा लासूर स्टेशनला कांद्याच्या आडतीचा धंदा आहे. शेतकऱ्याचा माल लिलावात विकून द्यायचा, हे आमचं काम. पंधराव्या वर्षी मार्केट यार्डात पोती उचलायला लागलो, आज त्याच यार्डात माझा गाळा आहे. बढाई म्हणून सांगत नाही. मी घासाघीस करून उभा राहिलेला माणूस आहे. समोरच्याचा चेहरा बघून त्याची नड ओळखतो. राग लवकर येतो. वाचणाऱ्याला हे आधीच माहीत असावं.

रिपोर्टचा दिवस

पायात बूट जाईनात. मला वाटलं, दिवसभर यार्डात उभा असतो म्हणून. एका सकाळी मंगलनं, माझ्या बायकोनं, नडगीवर बोट दाबलं आणि काढलं. तिथं खड्डा पडला तो तसाच राहिला. "अहो, हे बघा," म्हणाली. बीपीच्या गोळ्या मला बऱ्याच वर्षांपासून होत्या, पण डोकं दुखलं तरच घ्यायचो. बाकीच्या वेळी कशाला खायच्या, हा माझा हिशोब.

संभाजीनगरला मोठ्या हॉस्पिटलात गेलो. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. रिपोर्ट बघून म्हणाले, "काका, दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या आहेत."

मी म्हटलं, "जवळजवळ म्हणजे किती? शेवटचं सांगा."

ते म्हणाले, आता डायलिसिस, नाहीतर किडनी बदलणं. मी म्हटलं, औषधावर सहा महिने काढू. ते मान हलवत राहिले. म्हटलं, बरं, तीन. ते काहीच बोलेनात. बाजारात समोरचा गप्प बसला की समजायचं, तो अजून खाली येणार आहे. हा माणूस गप्प होता, पण येणार कुठंच नव्हता.

परतीच्या गाडीत लासूर येईपर्यंत मी मंगलला बोलत होतो. तू भाजीत मीठ जास्त घालतेस. तुझ्यामुळं झालं. डब्यातली माणसं बघत होती. ती एकदाच म्हणाली, "बरं, माझ्यामुळं. आता पुढं काय करायचं ते सांगा." मी पुन्हा मिठावर आलो.

खुर्ची

आठवड्यातून तीन सकाळी. आधी वजन. दोन दिवसांत किती पाणी अंगात साठलं ते काटा सांगतो, खोटं बोलायला जागाच नाही. मग डाव्या हातात दोन जाड सुया. त्या हातात छोटं ऑपरेशन करून नस जोडलेली असते. तिच्यावर बोट ठेवलं की आत काहीतरी गुणगुणत असतं. पहिले काही आठवडे मला त्या हाताची भीती वाटायची, उशीखाली माशी कोंडल्यासारखा तो आवाज. मग चार तास रक्त बाहेर जातं, फिरून येतं. शेवटच्या तासाला पायात गोळे येतात. नर्स येऊन पोटऱ्या दाबते. तिचे आभार मानायला मला दोन महिने लागले.

पाणी दिवसाला एक लिटर, त्यातच चहा, वरण, सगळं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर उर्दू शाळेतले निवृत्त करीम सर असतात. ते पहिल्या आठवड्यात म्हणाले, "साळुंके शेठ, घाबरू नका. रोजाच आहे असं समजा. फरक इतकाच, इफ्तार कधी होणार ते कोणी सांगत नाही." त्या वॉर्डात मी पहिल्यांदा हसलो तो त्या वाक्याला. नव्या पेशंटला माझा पहिला सल्ला हा, की शेजारच्याशी बोला.

सय्यद मॅडम दुसऱ्या आठवड्यात आल्या. पंचेचाळिशीच्या, आवाज बारीक, पण वाक्य अर्धवट सोडत नाहीत. हॉस्पिटलात समाजसेविका म्हणजे ब्लँकेट वाटून फोटो काढणारी बाई, असं मला वाटायचं. त्यांनी माझी दुपारची पाळी बदलून सकाळची करून दिली, म्हणजे यार्डातला संध्याकाळचा हिशोब मला बघता यावा. सरकारी योजनेचे कागद दोनदा परत आले, तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः बसून भरले. मंगलला कोपऱ्यात नेऊन अर्धा तास तिच्याशी बोलल्या. आजारी मी होतो, म्हणून मला त्याचा रागच आला. पण त्या दिवशी घरी मंगल पोटभर जेवली. त्याच्या आधी ती कधी नीट जेवली होती, हे मला आठवेना.

हे सगळं मी मान्य करतो. आता तक्रार.

बहीण

मंगलला साखरेचा आजार, तिची किडनी चालणार नव्हती. मुलगा पुण्याला कंपनीत आहे. तो फोनवर म्हणाला, "पप्पा, मी देतो." मंगल आणि मी एकाच वेळी नाही म्हणालो. मुलाची नको, हे म्हणायला मला क्षणही लागला नाही. बहिणीची घेऊ, हे म्हणायलाही लागला नाही.

विमल माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. गंगापूरकडं दिली आहे, दाजींचा ऊस आहे. रक्तगट एकच. मी जीप करून तिच्या घरी गेलो, सगळं सांगितलं. दाजी जमिनीकडं बघत बसले. विमल ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, "दादा, तू म्हणशील तसं."

मला हवं होतं ते मिळालं. मी जेवून निघालो.

तपासण्या झाल्या, सगळ्या जुळत गेल्या. मग समजलं की देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची समाजसेवा विभागात मुलाखत होते. आधी दोघांची मिळून, मग एकेकट्याची. देणारा मनापासून देतो आहे का, कोणी दबाव किंवा लालूच तर दिली नाही ना, हे त्यांना बघायचं असतं. मी मॅडमना विचारलं, "तिला काय काय विचारणार?" त्या हसल्या. "भाऊ, पेपर आधीच फोडायचा का?"

मी म्हटलं ठीक आहे. अशा ठिकाणी काय बोलायचं, ते विमलला मी एकदा शिकवलेलं होतं.

वडील गेल्यावर वैजापूरजवळची चार एकर माझ्या नावावर करायची होती. आमच्याकडं बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतात. तिला साडी-चोळी करायची, कचेरीत न्यायचं, तिथल्या साहेबापुढं तिनं सांगायचं की मी बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडते. सगळेच करतात. मीही केलं. जीपमध्ये तिच्याकडून वाक्य तीनदा म्हणवून घेतलं होतं, म्हणजे ऐनवेळी अडखळायला नको. अडखळली नाही.

मुलाखतीच्या सकाळी हॉस्पिटलच्या आवारात मी तिला म्हटलं, "आत घाबरायचं नाय. कचेरीत बोलली होतीस ना, तसंच बोलायचं. राजीखुशीनं. एवढं म्हटलं की झालं."

"तसंच?"

"व्हय, तसंच."

मुलाखत

मॅडमच्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, लोखंडी कपाट. त्यांनी विमलला पाणी दिलं आणि साधं विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं या सगळ्याबद्दल?"

विमल ताठ बसली. समोरच्या भिंतीकडं बघत एका दमात म्हणाली, "मी राजीखुशीनं, कोणाच्या दबावाशिवाय, काही मोबदला न घेता, माझा हक्क सोडून देते. माझ्या मागं माझी मुलंबाळं किंवा वारस याच्यावर कधी हक्क सांगणार नाहीत."

मला हसू आलं. खरं सांगतो, मोठ्यानं हसलो. म्हटलं, "अगं, एवढं सगळं नव्हतं म्हणायचं."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. विमलकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "भाऊ, तुम्ही आता बाहेर बसा."

बाहेर लोखंडी बाकडं आहे. मी त्यावर सव्वा तास बसलो. दाराची काच दुधी, आतलं दिसत नाही. मध्ये एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एकदा कोणीतरी नाक ओढलं. कोणाचा आवाज होता तेही कळलं नाही. दार उघडलं तेव्हा विमल पदर सावरत बाहेर आली. डोळे कोरडे होते. मला म्हणाली, "दादा, काही खाल्लंस का?"

मग मी आत गेलो. मॅडमनी मला वीसेक मिनिटंच ठेवलं. एक प्रश्न लक्षात राहिला. "बहिणीनं नाही म्हटलं तर तुम्ही काय कराल?"

मी म्हटलं, "ती नाही म्हणणारच नाही. आजवर तिनं मला एकदाही नाही म्हटलेलं नाही." मी हे अभिमानानं म्हणालो होतो. त्यांनी ते लिहून घेतलं.

"जुळत नाही"

चार दिवसांनी बोलावणं आलं. मंगल माझ्यासोबत होती. मॅडम म्हणाल्या, "विमलताईंची किडनी घेता येणार नाही. वैद्यकीय कारण आहे."

"काय कारण?"

"ते त्यांच्या फायलीत आहे. ती फाईल त्यांची आहे."

"रक्तगट जुळला. बाकीचं जुळलं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. आता काय जुळत नाही?"

"भाऊ, एवढंच सांगता येईल."

मी चाळीस वर्षं लोकांचं खोटं ऐकत आलो आहे. माल ओला असून वाळलेला सांगणारे, दुसऱ्याकडं भाव मिळाला असं सांगणारे, सगळे मला वासावरून कळतात. ही बाई खोटं बोलत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काही हलत नव्हतं. मी टेबलावर हात आपटला. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, वही नवे पेशंट वाचतात. वॉचमन आला. मंगल माझा दंड धरून "चला, अहो चला" म्हणत होती. मॅडम उभ्या राहिल्या नाहीत, आवाज चढवला नाही. फक्त म्हणाल्या, "परवा डायलिसिस आहे. चुकवू नका."

मी लेखी तक्रार दिली. वरच्या डॉक्टरांनी वाचली आणि म्हणाले, नियमाप्रमाणं झालं आहे. त्यानंतर करीम सरांनी मला हळूच सांगितलं, की देणारा आत एकटा असताना नको म्हणाला, तर बाहेर वैद्यकीय कारण सांगतात. म्हणजे घरात त्याच्यावर कोणी राग काढू नये. "पद्धत आहे," म्हणाले. "तुमच्या बाबतीत तसंच झालं असं मी म्हणत नाही. खरंच काही निघालंही असेल."

हा माणूस मला धीर द्यायला गेला आणि माझी झोप घेऊन गेला.

मी दुसऱ्या शहरातलं हॉस्पिटल शोधलं. विमलला फोन लावला. म्हटलं, तिकडं पुन्हा तपासण्या करू, तू येशील ना? ती म्हणाली, "दादा, तू म्हणशील तसं."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं आहे. कांद्याला कोंब फुटायला लागले, घरी लग्न आहे, गाडी परत न्यायला डिझेल नाही, असा शेतकरी माझ्यासमोर उभा राहतो आणि म्हणतो, शेठ, तुम्ही म्हणाल तसं. त्या वाक्यावर मी गाळा बांधला आहे. ते होकाराचं वाक्य नसतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? मी फोन ठेवला. तिकडं गेलो नाही.

दुधी काच

माझ्या खुर्चीवरून कॉरिडॉरमधलं ते दार दिसतं. चार तास दुसरं बघायला काही नसतं. जोड्या येतात. नवरा-बायको, आई-मुलगा, दीर-भावजय. एक आत जातो, एक बाकड्यावर बसतो. बाकड्यावरच्याचा पाय हलत असतो. मी त्याच्याकडं बघतो आणि माझ्या डोक्यात विमल बोलायला लागते. एकदा ती आत म्हणते, मॅडम, मला भीती वाटते, मला नाही द्यायची. एकदा म्हणते, माझा दादा आहे, घ्या, आत्ता घ्या, आणि खरंच तिच्या लघवीत की रक्तात काहीतरी निघतं. दोन्ही वेळा आवाज तिचाच असतो, त्या कचेरीतला, एका दमातला. डोळे मिटले तरी थांबत नाही. घरी जेवताना घास तोंडात असताना सुरू होतो.

ती नाही म्हणाली असेल, तर सख्ख्या बहिणीला माझ्यापासून वाचवायला एका परक्या बाईला खोटं बोलावं लागलं. हो म्हणाली असेल, तर जी मला आपलं शरीर द्यायला निघाली होती तिच्यावर मी दोन वर्षं संशय घेतो आहे. यातलं कोणतं खरं असावं, असं मला कोणी विचारलं तर मला निवडता येत नाही.

एकदा मी मॅडमना दारातच गाठलं. या वेळी ओरडलो नाही. म्हटलं, "एकच सांगा. नाही म्हणाली का?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही एकटे असताना माझ्यापाशी जे बोललात, ते मी त्यांना जाऊन सांगू?"

मी काय बोललो होतो ते मला आठवलं. मी म्हटलं, "नको."

"मग त्यांचं तुम्हाला कसं सांगू? आज सांगितलं तर उद्यापासून त्या खोलीत कोणी खरं बोलणार नाही. भाऊ, बहीण तुमची आहे. तिलाच विचारा ना."

माझी तक्रार अजून आहे. माझ्या जिवाचा प्रश्न होता आणि मलाच खरं सांगितलं नाही. मला ते ऐकायचा हक्क नव्हता का? पण ज्या दिवशी मी हे कागदावर मांडायला बसलो, त्या दिवशी पुढचंही लिहावं लागलं. तिनं मला तोंडावर नाही म्हटलं असतं, तर मी संध्याकाळपर्यंत तिचं हो करून घेतलं असतं. आईची शपथ घातली असती, बापाची आठवण काढली असती, दाजींच्या घरी तळ ठोकला असता. मला ते येतं. मॅडमना सव्वा तासात ते कळलं, याचाच मला जास्त राग आहे.

तुमच्या घरातलं कोणी किडनी द्यायला निघालं असेल, तर एवढंच करा. त्याला आत काय बोलायचं ते शिकवू नका. बाकडं कितीही टोचलं तरी बाहेर बसून राहा.

मागच्या बुधवारी

माझं नाव आता प्रतीक्षा यादीत आहे. मरण पावलेल्या माणसाची किडनी त्याच्या घरच्यांनी दिली तर मिळेल. कधी, ते कोणी सांगत नाही. विमल महिन्या-दोन महिन्यांनी गंगापूरहून येते, माझ्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसते. मागच्या बुधवारी आली होती. मंगल औषधाच्या खिडकीवर गेली होती, करीम सर झोपले होते.

मी म्हटलं, "विमल, त्या दिवशी आत काय झालं?"

तिनं माझ्या पायावरची चादर नीट केली. "दोन वर्षं लागली तुला विचारायला."

"सांग आता."

"मॅडम मला म्हणाल्या होत्या, नकार असू दे का आजार, बाहेर एकच कारण जाईल. खरं काय ते तुमच्यापाशी राहील. सांगायचं का नाही, कधी सांगायचं, ते तुम्ही ठरवा. कोणी घाई केली तरी घाई करू नका."

"मग?"

"मग काय? मी अजून ठरवलं नाय."

माझ्या कानशिलात रक्त चढलं. मशीन वाजायला लागलं. नर्स येऊन बीपी बघून गेली, "काका, शांत राहा" म्हणाली. मी शांत राहिलो नाही. मला जे येतं तेच केलं. म्हटलं, "विमल, वैजापूरच्या रानातला तुझा वाटा मी तुझ्या नावावर परत करून देतो. उद्याच कागद करू. तू फक्त..."

तिनं हात वर केला. तिला असा हात वर करताना मी कधी बघितलं नव्हतं.

"जमिनीचं वेगळं बोलू, दादा. करायचं असंल तर कर, मी घेईन. पण ते याच्यात घालू नको."

मी तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिलो. चाळीस वर्षांची सवय, समोरच्याची नड शोधायची. मला काही दिसलं नाही. ती स्टुलावरून उठली नाही, मशीनवर दोन तास बाकी होते, आणि ते दोन तास ती मला तिच्या नातीच्या शाळेचं सांगत बसली.